आवाज बंद ठेवून

रिमोटवरचं आवाज वाढवायचं बटण अजून नवंकोरं होतं – बाकीची झिजलेली, आकडे पुसट झालेले, चालू-बंदचं तर पार गुळगुळीत, आणि हे एकटंच काल दुकानातून आणल्यासारखं – सुचित्राने त्यावरून अंगठा फिरवला आणि काढून घेतला. शनिवारची दुपार, पावणेचार. नायगावच्या नव्या टॉवरमधला चौदावा मजला, दार लावलेलं, शेजारच्या कांताबाई लेकीकडे गेलेल्या. कुणाची झोप मोडणार होती? पण सवय ती सवय.

सवय लागली ती इथेच, टॉवरच्या जागी आधी असलेल्या चाळीत. एक खोली, बाबांची इस्पितळात रात्रपाळी, म्हणजे दिवसा बाबा झोपलेले – आणि त्यांच्या पायाशी, टीव्हीला नाक लावून, व्हिडिओ गेम खेळणारे ती आणि तिचा भाऊ राजरत्न. आधी रणगाड्यांचा खेळ, मग विटा रचायचा, मग उड्या मारत नाणी गोळा करायचा... सगळे मुके. बाबांनी कूस बदलली की दोघांचे अंगठे जागच्या जागी थांबायचे. त्या खेळांना संगीतही होतं, हे तिला कितीतरी वर्षांनी ऑफिसातल्या कुणाच्या तरी रिंगटोनवरून कळलं, आणि ते तिला अगदी परकं वाटलं.

आता बाबा नाहीत. या घराची चावी मिळायच्या आधीच गेले. राजरत्न बहरीनला. 'अजून खेळतेस?' म्हणून फोनवर हसतो. हो, खेळते. सत्तेचाळीस वर्षांची, विमा कंपनीतली वरिष्ठ लिपिक, सुट्टीच्या दुपारी हात धुऊन, जुन्या साडीच्या तुकड्याने कंट्रोलर पुसून, मांडीवर कोरड्या कुरमुऱ्यांची वाटी घेऊन बसते – कोरडे अशासाठी, की बोटांना तेल लागू नये. गोळीबाराचे खेळ तिला नकोत. शर्यतीचे नकोत, मागे पडलेल्याकडे त्यात कुणी बघत नाही. तिचे लाडके ते चालण्याचे – डोंगर, धुकं, पडके पूल, पोचायची घाई नाही – आणि शेवट जवळ आला की ती खेळ तिथेच सोडून नवा धरते. सध्या जो सगळ्यात लाडका, त्यात दोन वाटसरू आणि दोघांच्या हातात कंदील. तो एकट्याने खेळताच येत नाही. म्हणूनच घेताना तिने महिनाभर चालढकल केली होती.

आणि मग 'पिवळी छत्री' भेटली. हे तिचं खेळातलं नाव, सुचित्राचं 'नायगाव'. आठ महिन्यांपूर्वी खेळानेच इंटरनेटवरून दोघींची गाठ घालून दिली. पहिल्या दिवशी सुचित्राने एकेक अक्षर शोधत लिहिलं होतं, "माइक नाही माझ्याकडे." पलीकडून आलं, "चालेल गं." त्यानंतर "उद्या चार?", "हो", "आले" – यापलीकडे दोघींनी काही लिहिलं नाही, आणि तरी... आठवड्यातून भेटणारं सुचित्राचं म्हणावं असं एकच माणूस होतं, ते हे. सांगायला लाज वाटते, पण खरं तेच. छत्री पुढे जायची, दरीच्या काठाशी थांबून तिची वाट बघायची. दगडावर टेकल्या की दोघी नुसत्या बसायच्या, कधी कधी पंधरा-पंधरा मिनिटं. सुचित्रा उगाच कंदील वर-खाली करायची, अंगठ्याला चाळा म्हणून. किती समजूतदार बाई, तिला वाटायचं, हिलाही शांतता आवडते.

आज मात्र गुहेत अडलं. काळोख, तीन फाटे, आणि दोनदा चुकीचा फाटा धरून ती घसरून खाली. शेवटी पडद्यावर अक्षरं उमटली: "अगं घंटेच्या आवाजावरून जायचंय. ऐकू येत नाहीये का?"

सुचित्राने बटण दाबलं. दाबत राहिली. आधी थेंब टपकल्याचा आवाज, मग लांबवर घंटा – आणि एकदम, कानाशी बोलावं तसा, एका बाईचा आवाज.

"...डावीकडे, नायगाव, डावीकडे!" सुचित्राने आपला वाटसरू डावीकडे वळवला. "हां. आत्ता कशी आलीस लाइनवर. बस जरा. कुकर लावलाय. तर काय सांगत होते... केला मी फोन नवऱ्याला. सकाळीच केला. म्हटलं, येते परत सोमवारी. आई म्हणते विचार कर, भाऊ म्हणतो तुझं तू बघ. शेवटी गेल्या रविवारी तुलाच विचारलं ना, जाऊ का परत? तू कंदील वर केलास. दोनदा केलास. म्हटलं, हिने आठ महिने सगळं ऐकलंय माझं, त्याने हात उगारला ते पण... ही उगाच हो म्हणणार नाही."

मांडीवरची वाटी कलंडली, कुरमुरे लादीवर पसरले.

"तिकडे खेळता नाही येणार गं. तो वैतागतो. म्हणून आज गुहा संपवूया. आणि जायच्या आधी एकदा भेट ना, किती वेळा म्हटलं, नायगावहून वडाळा काय लांब आहे का तुला?"

रविवार... काय करत होते मी रविवारी? दगडावर बसले होते, इस्त्रीचे कपडे आणायचे राहिले असं काहीतरी मनात चाललं होतं, आणि अंगठा... म्हणजे जिला मी शांतता समजत होते ती एका बाईची सगळी कर्मकहाणी होती – आणि ती ऐकून घेणारी मी कुरमुरे खात होते. मला कुणी नाही, मला कुणी नाही, हे घोकत होते, आणि इथे एक बाई घसा कोरडा होईपर्यंत माझ्याशी बोलत होती.

सांगायला हवं. आत्ता, सोमवारच्या आत. सुचित्राने पडद्यावरचा कीबोर्ड उघडला, लिहिलं, 'जाऊ नकोस' – आणि थांबली. कारण मग हेही सांगावं लागणार, की मी काही ऐकलंच नाही, एकदाही नाही. ती थांबेल कदाचित. पण आपलं ऐकणारं कुणी नव्हतंच, हेही तिला त्याच क्षणी कळेल. आणि पुढच्या शनिवारी चार वाजता तिथे कुणीच नसेल.

"काय गं? लिहितेयस का काही?"

निदान नावाने हाक मारून सांगावं. नाव तर तिने सांगितलंच असणार, पहिल्या दिवशी, मग आणखी कितीदा तरी. आता कुठल्या तोंडाने विचारायचं... पलीकडे कुकरची शिट्टी झाली, भांडं आपटलं, आतून कुणी म्हाताऱ्या आवाजात काहीतरी बोललं. तिची आई असावी. तिने एकदा तरी लेकीला नावाने हाक मारावी, म्हणून सुचित्रा आवाज पूर्ण वाढवून ऐकत राहिली.