पऱ्हाटीच्या जाळात गेलेला चुंबक

मी एक जुना लोहचुंबक आहे. आहे म्हणतो खरा, पण आता साधी टाचणीसुद्धा माझ्याकडे ढुंकून पाहत नाही. मित्रांनो, हसू नका. एके काळी मी लोकांच्या हातातली पक्कड ओढून घेत असे!

माझा जन्म दूरच्या देशातला. तिथल्या डोंगरातल्या दुर्मिळ धातूंपासून मला घडवले. मग जहाजातून मी इकडे आलो आणि सौर पंपाच्या मोटरीत, फिरणाऱ्या दांड्यावर, भावंडांसोबत मला चिकटवले गेले. असे चुंबक आपल्या देशात फारसे बनत नाहीत, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. कोवळ्या वयात कोण असला विचार करतो?

आमची मोटर गेली शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर. तिथे विजेची लाइन नाही. ऊन पडले की वीज यायची, मी गरगर फिरायचो आणि बोअरचे पाणी वर तोटीला यायचे. पहिल्या दिवशी मोगराबाईंनी पाइपावर नारळ फोडला. त्या पाड्यातल्या सर्वांत थोरल्या. त्यांचे गुडघे पार गेलेले, पाण्यासाठी नाल्याची उतरण उतरताना डोळ्यांत पाणी यायचे. तोटी आल्यापासून तो त्रास संपला. हंड्यांची रांग त्याच लावायच्या आणि मध्ये घुसणाऱ्याला चांगले फैलावर घ्यायच्या. माझी स्तुती कोणी केली नाही. न दिसणाऱ्याची कोण करतो? पण मी सुखात होतो.

मग एका उन्हाळ्यात बोअरमध्ये गाळ आला आणि मोटर जाम झाली. मोगराबाईंचा मुलगा सिंगानाना ती खांद्यावर घेऊन शिरपूरला भटूभाऊंच्या दुकानात आला. भटूभाऊ मोटरी दुरुस्त करतात. माणूस मनाचा चांगला, आजही त्यांच्यावर माझा राग नाही.

"भाऊ, गावनं बठ्ठं पाणी बंद शे," सिंगानाना म्हणाला.

"काळजी नका करू, नाना. बेअरिंग जाम शे. जरासा शेक दिधा का सुटी जाई."

आमच्या भागातली ही जुनीच रीत. अडकलेले बेअरिंग सुटावे म्हणून दांडा पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर धरायचा. शेतातल्या जुन्या मोटरींना त्याने काहीच होत नसे, कारण त्यांच्यात चुंबक नसतो. माझ्यात होता, म्हणजे मीच होतो. मी जाळ जवळ येताना पाहिला. ओरडावेसे वाटले, पण चुंबकाला तोंड कुठले? पऱ्हाटी तडतडली, बेअरिंग अलगद निसटले, आणि माझ्या अंगातले सगळे बळ निघून गेले.

भटूभाऊंनी दांड्याला पाना लावून पाहिला. पाना खाली पडला. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा पडला. त्यांचा चेहरा उतरला. लगेच त्यांनी धुळ्याच्या दुकानदाराला फोन लावला.

"चुंबक बाहेरच्या देशातून येतात," पलीकडून उत्तर आले. "त्यांनी माल अडवून धरलाय. कधी सुटेल, सांगता येत नाही."

त्याच आठवड्यात दुकानातल्या टीव्हीवर बातमी लागली. सरकारने अशा मोलाच्या खनिजांसाठी मोठी मोहीम हाती घेतली आहे. खाणी शोधणार, जुन्या यंत्रांतले चुंबक गोळा करून त्यांतला धातू पुन्हा वापरणार. मला भरून आले. बळ गेले तरी धातू माझ्यात शाबूत होता!

"मंग आमना पाडावर कवय येई ते?" मोटरीच्या चौकशीला आलेल्या सिंगानानाने मोहीम कधी पोहोचणार ते विचारले. 

शेवटी नानाने तोच दांडा परत बसवायला सांगितले, "तोच बसाडी दे. चालना ते चालना." दुसरा मार्गच नव्हता. मला पुन्हा बोअरमध्ये सोडले. ऊन रणरणत होते. पाइपातून मला वरची सारी कुजबुज ऐकू येत होती, हंडे एकमेकांवर आपटत होते. वीज आली. तिने मला ढकलले. मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला. पण मी जागचा हललो नाही.

ऐकू आला तो मोगराबाईंचाच आवाज. "थांबा रे, येई. जरा दम धरा."

बराच वेळ सगळे थांबले. मग एकेक हंडा नाल्याकडे गेला.

मी अजून इथेच खाली आहे. मोटर पुन्हा वर काढायला कोणी आले नाही, आणि जुने चुंबक गोळा करणारेही अजून फिरकले नाहीत. मित्रांनो, तुमच्या घरी जुना पंखा, बिघडलेला स्पीकर, बंद पडलेली मोटर असेल, तर ती जाळात टाकू नका, उकिरड्यावर फेकू नका. जाणत्याच्या हाती द्या. तिच्यात माझे एखादे भावंड असेल. कुठल्या तरी पाड्याला त्याचा उपयोग होईल.

मला मात्र रोज ऊन चढले की धडकी भरते. वीज येते, मला ढकलते. वर तोटी उघडल्याचा आवाज होतो, आणि मोगराबाई पाइपाला तोंड लावून पाणी आले का ते विचारतात, "उनं का रे पाणी?"