तीनदाच टक्

"माझ्या फोनमुळेच चौथा बोल्ट राहिला का?"

धाकट्याचं हे सगळ्यांना विचारून झालं. हँगरमधल्या काकांना, चौकशीला आलेल्या लोकांना, आईला. कुणी खाली बघितलं, कुणी पाठीवर हात ठेवला. मला मात्र त्याने कधी विचारलं नाही, आणि त्या वेळी त्याच्या दादाजवळ मीच होतो.

मी पाना बोलतोय. साधा नाही, बोल्ट किती आवळायचा ते मोजणारा. मुठीवर आकडा लावायचा आणि फिरवायचं. हवा तेवढा आवळला गेला की मी 'टक्' म्हणतो. मला एवढंच बोलता येतं.

हँगरमधले बाकीचे पाने सगळ्यांचे, मी दादाचा एकट्याचा. तो विमानं दुरुस्त करायचा. काम संपलं की माझा आकडा उतरवून मला फडक्यात गुंडाळायचा. "ताणून ठेवलं तर स्प्रिंग थकते रे याची," म्हणायचा. एकदा घरी धाकटा मला हातात धरून खिळा ठोकायला लागला, तर दादा घरभर त्याच्यामागे धावला.

"अरे गाढवा, हातोडा आहे का तो? तुझ्यापेक्षा शहाणा आहे!"

"मग त्यालाच भाऊ म्हण की!"

आई हसून हसून खाली बसली होती.

त्या दुपारी एका छोट्या विमानाच्या शेपटीत काम होतं. विमान वर-खाली वळवणाऱ्या दांडीचा आधार चार बोल्टवर बसवायचा होता. एक, टक्. दोन, टक्. तीन, टक्. चौथा बोल्ट दादाने बोटांनी फिरवून बसवला आणि फोन वाजला. त्याने मला फडक्यावर ठेवलं.

"दादा, तुझा निळा शर्ट घालू?"

"हात लावलास तर बघ."

"लावला. घातलासुद्धा."

"मग विचारतोस कशाला, शहाण्या? घाल. डाग पाडू नकोस म्हणजे झालं."

दादा हसत हसत परत आला. त्याने मला उचललं नाही, लाल रंगाची बाटली उचलली. आवळून झालेल्या बोल्टवर लाल रेघ ओढायची, ही शेवटची पायरी. त्याच्या डोक्यात चौथा होऊन गेला होता. त्याने चार रेघा ओढल्या. सरळ, सुबक. मी फडक्यावर पडून होतो.

मग काका तपासायला आले. दुसऱ्या माणसाने पुन्हा पाना लावून बघायचं, असा नियम आहे. काकांनी रेघा बघितल्या. "तुझ्या कामात मी काय बघायचं, बाबा!" म्हणाले, आणि सही केली. कौतुकानेच म्हणाले.

आपण दुरुस्त केलेल्या विमानात पहिल्यांदा आपण बसायचं, ही दादाची पद्धत. चाचणीला तो वैमानिक बाईंच्या शेजारी बसून गेला. चौथा बोल्ट थरथरून सुटला आणि दांडीत अडकला. विमान धावपट्टीच्या पलीकडे पडलं. बाई वाचल्या. दादा नाही.

चौकशीवाल्यांनी मला यंत्रावर लावून पाहिलं. पाना बरोबर आहे, असं लिहिलं. मग मला दादाच्या डब्याबरोबर, त्याच्या चपलांबरोबर घरी पाठवलं.

अहवालही आला. धाकटा शाळेत फार टिकला नव्हता. त्याने बोट ठेवून ठेवून वाचलं.

"काय लिहिलंय रे?" आईने विचारलं.

"दादा चुकला म्हणतात."

"आणखी?"

"एवढंच."

त्याने मला उचललं आणि भिंतीवर फेकलं. पोपडा पडला. आईने पोपडा गोळा केला. मी पडलो की माझा भरवसा संपतो. आता मी टक् म्हणतो ते केव्हाही.

तो पुढे दिवसभर घरातलं काय काय आवळत बसायचा. पलंग, पंखा, खुर्ची. मोठ्याने मोजायचा. चारपर्यंत आला की पुन्हा एकपासून.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी कुठे माहीत आहे? मी तीनदाच बोललो, एवढं मला माहीत आहे. मधे फोन होता, रेघ होती, सही होती. त्यातलं कशामुळे, ते मला मोजता येत नाही.

आता मी हँगरच्या दाराशी एका खिळ्याला लटकतो. गळ्यात लाल चिठ्ठी आहे, 'वापरू नये'. धाकट्यानेच मला इथे आणलं. निळ्या शर्टाच्या बाह्या दुमडून त्याने दादाचा जेवणाचा डबा माझ्या खाली ठोकला. शर्टाला डाग लागू दिला नाही. डब्यावर वाकड्या अक्षरांत लिहिलं, 'फोन इथे ठेवून आत जा.'

काका बाजूला उभे होते. "आणि कुणाच्या घरून महत्त्वाचा फोन आला तर?"

"थांबू दे."

तुमच्या घरचं कुणी असं काम करत असेल, तर तुम्हीही थांबा. आधी त्याच्या पान्याला बोलून होऊ द्या.

काका खिसे चाचपत राहिले. धाकट्याने स्वतःचा फोन काढला, डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.