खरी बाटली धाकटीची

माझी धाकटी जाऊ मासिथोले दिवसेंदिवस गुटगुटीत होत चालली होती आणि माझ्या मानेवर लिंबाएवढी गाठ आली होती. सांगा, कुणाच्या पोटात दुखणार नाही?

आजार दोघींचा एकच, एचआयव्ही आणि त्यावर क्षय. क्षयाची औषधं दोघींनी बरोबरच सुरू केली, एचआयव्हीची गोळी मागाहून. शिवाय दवाखान्यात कसलासा अभ्यास चालला होता, त्यातून एकेक बाटली मिळाली. काहींच्या बाटलीत जस्ताच्या गोळ्या, काहींच्यात नुसत्याच खोट्या. कुणाच्यात काय, ते नर्सबाईंनाही ठाऊक नव्हतं. अंगात जस्त कमी असलं की औषधं सुरू केल्यावर ताप आणि गाठी जास्त उठतात का, ते त्यांना बघायचं होतं.

मला काही बघायची गरज नव्हती. खरी बाटली धाकटीचीच.

"गाठ आली म्हणजे एचआयव्हीच्या गोळीनं तुमच्या अंगातली झोपलेली ताकद जागी होऊन क्षयाशी भांडतेय," नर्सबाई म्हणाल्या. "गोळी सोडायची नाही हं, माभेंगू."

"मग मासिथोलेच्या अंगात का नाही भांडत?"

"प्रत्येकीचं अंग वेगळं असतं."

घरी सासूबाई मक्याच्या मोकळ्या उकडीवर, पुथूवर, भोपळ्यातलं आंबवलेलं दूध, आमासी, ओतायच्या, ते आधी तिच्या ताटात. "बघ, कशी सुधारलीय! तूच काय ती हाडं मिरवत बसलीस." मोठी सून मी. या घरात आमासीचा तो भोपळा आजवर आधी माझ्याकडे यायचा. जळफळाट व्हायचा नुसता.

संध्याकाळी गोळ्या घेतल्या की एकमेकींच्या तोंडात बघायचं, हे काम दवाखान्यानं आम्हा जावांवरच सोपवलं होतं. ती माझं तोंड पार दाढांपर्यंत तपासायची. मला मात्र तिचे ते भरलेले गाल बघवेनात. "घेतलीस ना? झालं तर," म्हणून मी तोंड फिरवायची.

एके दुपारी ती पाण्याला गेली आणि मी तिच्या खोलीत शिरले. बाटल्या बदलायच्याच, असं ठरवून. ती बाटली मण्यांच्या डब्यात ठेवायची. लाल-निळे मणी बाजूला सारले, तर खाली एचआयव्हीच्या गोळ्या. चांगल्या मूठभर. काही लाळेनं अर्धवट विरघळून फडक्याला चिकटलेल्या.

वर बघितलं तर दारात ती. डोक्यावर पाण्याचा डबा तसाच.

"हे काय गं?"

"ताई, तुमची मान बघितली आणि घाबरले हो. गोळी जिभेखाली धरून ठेवायची. तुम्ही तर बघतच नव्हता."

"मरायचंय का तुला?"

"पण मी बरी झाले की! सगळेच म्हणतात."

"ते क्षयाच्या औषधानं, वेडे. दुसरा आजार आत तसाच आहे." जिच्यावर मी जळत होते, ती माझ्या डोळ्यांदेखत मरणाकडे चालली होती आणि डोळे मीच मिटले होते.

तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं. गोळी नव्यानं सुरू झाली.

काल ती मानेवर हात ठेवून धावत आली. "ताई, गाठ आली!"

मी चाचपून बघितलं. मण्याएवढी. माझी लिंबाएवढी आणि हिची मण्याएवढी! म्हटलं नव्हतं, खरी बाटली तिचीच? अंगाचा तिळपापड झाला माझ्या. त्यात सासूबाई भोपळा घेऊन पुन्हा आधी तिच्याकडेच धावल्या.

"थांबा आई, आधी गोळी," मी म्हटलं आणि तिची हनुवटी धरली. "आ कर. जीभ वर. अजून वर."