भिंतीचा पास

फोन उचलला की पलीकडून आधी हसू ऐकू यायचं, मग मागणी. त्या शुक्रवारी सकाळपासून हेच चाललं होतं. वीज कार्यालयातल्या साहेबांचा मेहुणा हसला, नगरसेवकाचा पुतण्या हसला, ज्यांना मी कधी हसताना पाहिलं नव्हतं ते चौकीतले हवालदारही हसले. सगळ्यांना दुपारच्या पहिल्या शोचा पास हवा होता. मी प्रत्येकाला हळू आवाजात तेच सांगत होते, की या सिनेमाला फुकट पास बंद आहेत, अमरावतीहून वितरकांचा तसा निरोप आहे.

सिनेमाचं थोडं चित्रीकरण आमच्या नागपुरात झालं होतं, आणि त्यात तांडापेठेतली रुचिका होती. नायिकेची मैत्रीण. काम लहानसंच, पण आमच्या कोष्ट्यांच्या वस्तीतली पोरगी पडद्यावर दिसणार म्हटल्यावर अख्ख्या गल्लीने आधीच तिकिटं काढून ठेवली होती. आमच्या मयूरी टॉकीजच्या दारात सकाळीच ढोल आला होता. मला उपास होता, तरी माझंही काळीज त्या ढोलाबरोबर उडत होतं.

मी पासाच्या खिडकीत बसते. तिकिटांच्या मोठ्या खिडकीला लागून ती एक छोटी खिडकी आहे. आत गणपतीची तसबीर, शिक्का, शाईची गादी आणि मी. उदबत्ती लावल्याशिवाय शिक्का उचलायचा नाही आणि खिडकीत बसून खोटं बोलायचं नाही, एवढा माझा नेम. त्यामुळे मॅनेजर जितेंद्रसाहेबांची फार अडचण होते. ते जागेवर असताना 'साहेब नाहीत' असं माझ्याकडून वदवून घेता येत नाही. इतकी वर्षं सिनेमाच्या दारात काढली, पण पहिल्या दिवशी पहिला शो मी कधी आत बसून पाहिला नाही. मला सिनेमे भिंतीतून ऐकून माहीत. कुठे शिट्ट्या पडतात, कुठे थिएटर गप्प होतं, एवढ्यावरून गोष्ट जुळवायची.

पास दोन तऱ्हेचे. एक मानाचे, म्हणजे साहेबलोकांचे. दुसरे भिंतीचे. ज्याच्या भिंतीवर, सलूनच्या दारावर किंवा चहाच्या टपरीवर आमचं पोस्टर लागतं, त्याला दर आठवड्याला दोन माणसांचा एक गुलाबी पास मिळतो.

रुचिकाच्या आजीची, रुख्माबाईंची भिंत गल्लीच्या वळणावर आहे. घरात माग होता तेव्हा सुताला लावायला खळ शिजायची, आणि त्यातलीच वाडगाभर त्या पोस्टरसाठी द्यायच्या. आमचा बाबूलाल पोस्टरं चिकटवतो आणि शोच्या वेळी दारावर उभा राहतो. तो म्हणतो, विकतचा गोंद एका उन्हात सुटतो, आजीची खळ भिंत सोडत नाही. पुढे माग विकला गेला. तरी दर गुरुवारी रुख्माबाईंच्या चुलीवर पोस्टरपुरती खळ शिजतेच.

पास मात्र त्या गल्लीत वाटून टाकायच्या. कधी तुळसाबाईला, कधी नव्या लग्नाच्या जोडप्याला. स्वतः कधी आल्या नाहीत. त्यांचे मालक म्हणायचे, एवढं लुगडं उतरलं की जाऊ. लुगडं उतरायचं, तोवर मागावर दुसरा ताणा चढलेला असायचा. मग मालकही गेले.

त्या दिवशी त्या आल्या. जांभळ्या काठाचं लुगडं नेसून, मालकांनी विणलेलं. खिडकीशी येऊन त्यांनी हात पुढे केला.

"दे वं शामला, माहा पास."

काल रात्रीच निरोप आला होता आणि त्यात सगळेच पास बंद म्हटलं होतं. मी ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रांगेत उभ्या असलेल्या गल्लीतल्या मुलांनी लगेच आपापली तिकिटं पुढे केली. मीही म्हटलं, कुणाचं तरी तिकीट घ्या, आजचा दिवस वेगळा आहे.

"पोट्टे आपलं तिकीट देऊन राहिले मले. मी काहून घेऊ? माही भिंत आहे." मग दाराकडे वळून त्या शांतपणे म्हणाल्या, "बाबूलाल, पोस्टर काढून आण गा."

ढोल थांबला. त्या पोस्टरच्या कोपऱ्यात रुचिकाचा हसरा चेहरा होता. कालपासून गल्लीतली माणसं त्या भिंतीपुढे उभी राहून फोटो काढत होती.

बाबूलाल कसाबसा म्हणाला, "आजी, पोट्टी आहे वं त्याच्यावर."

"असू दे. भाडं नाही तं भाडेकरू नाही. पोट्टीले मी घरात ठेवीन."

बोलल्या आणि पायरीवर बसल्या. शो सुरू व्हायला थोडाच वेळ राहिला होता. आतमध्ये नात दिसणार आणि आजी पायरीवर बसणार, हे मला बघवेना. पण त्यांचं ते 'भाडं' माझ्या डोक्यात घंटेसारखं वाजलं. मी शिक्का आणि एक कोरा गुलाबी पास घेऊन ऑफिसात गेले.

जितेंद्रसाहेबांसमोर वितरकांकडून आलेला ऋषिकेश मोबाइलवर बोलत बसला होता. मी विचारलं, निरोप फुकटच्या पासांचाच आहे ना? तो हो म्हणाला.

"मग भिंतीचा पास त्यात येत नाही," मी म्हटलं. "तो फुकटचा नाही. ते भिंतीचं भाडं आहे."

ऋषिकेशने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी पंख्याकडे. ऋषिकेश म्हणाला, त्याने तर सरसकट कळवलं होतं, पास म्हणजे पासच ना. शेवटी त्याने अमरावतीला भैय्याजींना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. भैय्याजी या धंद्यातले जुने वितरक. आधी त्यांचा खोकला ऐकू आला.

"भितीचे पास कोणं बंद केले बाप्पा? म्या फुकट्यांचे बंद करायले सांगतलं होतं. भितीवरून पोस्टर उतरलं तं सिनेमा उतरला. त्या बुढीले आधी आत बसव."

बाकीच्या भिंतींना संध्याकाळपासून पास द्यायचं ठरलं. मी तिथेच साहेबांच्या टेबलावर शिक्का मारला. इतका जोरात, की शाईचा डबा हलला. मग पदर खोचून अक्षरशः धावत बाहेर आले. या वयात, उपास असताना. मुलांनी माझ्या हातातला गुलाबी कागद पाहिला आणि ढोल पुन्हा सुरू झाला.

खुर्च्या मात्र सगळ्या विकल्या गेल्या होत्या. पासाची ओळसुद्धा. बाबूलालने ऑफिसातल्या दोन लोखंडी घडीच्या खुर्च्या उचलून मागच्या भिंतीशी मांडल्या. दारावर त्याने पास फाडला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, दोन माणसांचा आहे, दुसरं कोण?

रुख्माबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "चाल वं."

मी म्हटलं, खिडकी उघडी आहे.

"खिडकीत काय ठेवलं आहे? पास तं बंद आहेत."

बाबूलाल हसला, मीही हसले, आणि गेले. आत काळोख, शिट्ट्या, कुणीतरी फेटा उडवत होतं. आजवर भिंतीतून ऐकलेला तो गोंगाट चारी बाजूंनी अंगावर आला. रुख्माबाईंनी कनवटीची पुडी सोडून माझ्या उपासाला शेंगदाणे दिले.

मध्यंतराच्या जरा आधी रुचिका आली. नायिकेचा हात धरून एका गल्लीतून पळाली, वळून मोकळं हसली. एवढंच. पण थिएटर उभं राहिलं. ढोलवाल्याने आत वाजवायचं नाही असं कबूल केलं होतं, तो ते विसरला. मीही उभी राहून टाळ्या वाजवत होते. रुख्माबाई तेवढ्या बसून होत्या, माणसांच्या फटीतून पडद्याकडे बघत.

"पाह्य," त्या मला म्हणाल्या, "आज्यावानी हसते."

पुढच्या गुरुवारी दिवेलागणीला मी देवळात निघाले होते. वाट त्या वळणावरूनच जाते. सिनेमा बदलणार होता. बाबूलाल नव्या पोस्टरची गुंडाळी धरून भिंतीपाशी उभा होता. तो म्हणत होता, आजी, रुचिकाचं हे अजून आठवडाभर राहू दे, मी साहेबांना सांगतो. नवं बाजूच्या भिंतीवर लावतो.

रुख्माबाईंनी मान हलवली. नव्या पोस्टरचा पास तुळसाबाईच्या सुनेला कबूल केला होता, त्या म्हणाल्या.

वाडग्यातून खळीची वाफ निघत होती. त्यांनी खळीत हात बुडवला आणि भिंतीवरच्या जुन्या पोस्टरवर फिरवायला लागल्या. कोपऱ्यातल्या त्या हसऱ्या चेहऱ्यापाशी आल्यावर हात हलका झाला. लहान पोरीच्या डोक्यावर तेल थापावं तशी त्यांनी ती खळ कपाळापासून केसांवर, केसांपासून गालांवर नीट पसरवली. कुठे कोरडं राहिलं नाही हे पाहिलं.

मग बाजूला सरकून म्हणाल्या, "लाव गा."