माझ्या दारातली नागपंचमी

“खाली खण पोरी, ओल लागेपर्यंत खण.” आईचा तो आवाज मी तिच्या शेपटीखाली बिलगून ऐकला होता. मित्रांनो, मी चिखलात बीळ करून राहणारी एक म्हातारी क्रेफिश. अंग झिंग्याचं, नांग्या खेकड्याच्या, लांबी तुमच्या बोटाएवढी. ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या पूर्वेला, एका ओढ्याकाठी आमची थोडीशी जात उरली आहे.

बिळातला चिखल मी गोळी गोळी करून वर आणते आणि दाराभोवती रचते. त्याचा मनोरा होतो. आयुष्यभर हेच केलं. कुरणाची घरं झाली, शेजारची बिळं बुजली, माझ्या डोक्यावर विनय नावाच्या मराठी माणसाचं अंगण आलं. कौतुक कुणी केलं नाही.

मग कोरोना आला. पुण्याहून भेटीला आलेली विनयची आई, सुहासिनीआजी, विमानं बंद म्हणून इथेच अडकली. विनयचं ऑफिस घरी आलं, तसा अंगणातला ओला कोपरा त्याला खुपू लागला. “शनिवारी खणून पाइप टाकतो. वर काँक्रीट.”

पाणी गेलं असतं, आणि पाण्यामागे मी आणि माझी पिल्लं.

शनिवारी त्याने कुदळ उचलली, तर स्वेटरवर शाल गुंडाळून आजी ताट घेऊन पुढ्यात उभी.

“आज नागपंचमी. जमीन खणायची नसते.”

“आई, इथे नाग कुठला?”

“मग हे वारूळ काय तू बांधलंस?”

लाह्या मिळाल्या नव्हत्या; तिने पॉपकॉर्न वाहिले. हळदकुंकू लावलं आणि बारीक आवाजात गायली,

गोळी गोळी मातीचं, घर कुणी गं रचिलं
माझ्या लेकाच्या अंगणी, सोनं ओलं उगवलं

माझ्या मातीला पहिल्यांदाच कुणी घर म्हटलं.

“उद्या खणतो,” विनय म्हणाला.

“उद्या काय नाग घर सोडून जातो?”

तेव्हापासून तिचा चहा रोज तिथेच. “क्वारंटीन आपल्याला आहे की नागाला?” विनय कुरकुरायचा, पण कुदळ काही उचलायचा नाही.

थंडी सरली. एका सकाळी विनयची बायको चारुता वाकून बघत होती, आणि मी गोळी घेऊन वर आले. तिने काढलेला फोटो युनिव्हर्सिटीतल्या तज्ज्ञांना गेला. “विनय, क्रेफिश आहे ही. एंडेंजर्ड. या भागात संपली असं धरलं होतं त्यांनी.” मास्क लावलेली शहाणी माणसं आली आणि माझ्या दारापुढे चिखलात गुडघे टेकून बसली. विनयने आपल्या हाताने कोपऱ्याला कुंपण घातलं. आज आत माझ्या लेकरांचे मनोरे उभे आहेत, माझ्याहून उंच.

मित्रांनो, तुमच्या अंगणात ओल असेल तर राहू द्या थोडी. तिथे कुणाचा तरी संसार असतो.

कुंपण झालं त्या दिवशी चारुता हसत म्हणाली, “आई, तुमचा नागोबा क्रेफिश निघाला.”

आजीने चहाचा घोट घेतला. “नागपंचमीच्या सकाळीच नांगी दिसली होती मला. खेकड्याच्या जातीचं काहीतरी आहे, तेवढं कळलं. पण खेकड्यासाठी हा थांबला असता का?”