संक्रांत ते होळी

"अवं, डावीकडं वर गेलंय. जरा खाली घ्या," चुलीपाशी बसूनच सोजराबाई म्हणाली.

भगवंताने तोंडातला खिळा काढला आणि कापडाचं डावं टोक बोटभर खाली घेतलं. आषाढातला रविवार होता. कुंभवलीतल्या त्या भाड्याच्या खोलीची भिंत ओल धरून बसली होती आणि खिळा काही केल्या टिकत नव्हता. पण आज कापड भिंतीवर लागणार म्हणजे लागणारच, असं गड्याने मनावर घेतलं होतं.

भगवंत मूळचा करमाळ्याकडचा. तारापूरच्या वीजघराचं बांधकाम निघालं तेव्हा ट्रेसर म्हणून तिथे चिकटला. साहेबांनी पेन्सिलीने काढलेला नकाशा, खळ दिलेल्या आरपार दिसणाऱ्या कापडावर शाईने गिरवायचा, हे त्याचं काम. त्यात स्वतःचं डोकं चालवायचं नाही, फक्त हात हलू द्यायचा नाही. कचेरीत एक भला मोठा तक्ता होता. वर महिने, कडेला कामं, आणि दर कामाची एक आडवी रेघ. काम झालं की रेघ तांबड्या शाईने भरायची, व्हायचं असलेलं पेन्सिलीत ठेवायचं. जुलै लागला की मोठे साहेब हात मागे बांधून तक्त्यापुढे उभे राहत, कुठे मागे पडलो ते बघत आणि पुढच्या सहा महिन्यांच्या रेघा पुसून नव्याने आखायला लावत. भगवंत तेव्हा खोडरबर घेऊन स्टुलावर. यंदा स्टुलावर उभ्या उभ्याच त्याच्या मनात आलं, एवढं अवाढव्य वीजघर रेघांत मावतं, मग आपला दोन माणसांचा संसार तो केवढा!

झालं! वाया गेलेल्या कापडाचा तुकडा साहेबांकडून मागून आणला आणि रोज संध्याकाळी स्वारी पाटावर आखत बसली. सोजराला अक्षरओळख नव्हती, म्हणून त्याने सगळं चित्रांत काढलं. महिन्यांच्या जागी सण. संक्रांतीचं सुगड, होळी, गुढी, पुढे दसऱ्याची आपट्याची पानं, दिवाळीची पणती. रेघांच्या कडेलाही चित्रं. गावाकडे बांधायच्या दोन खोल्यांसाठी घर, सोलापुरात शिकणारा धाकटा भाऊ चंद्रभान म्हणजे पुस्तक, घ्यायची म्हणून सायकल. आणि सोजराच्या रेघेपाशी दोन बांगड्या. बांगड्या काढताना तो स्वतःशीच हसला होता.

तेवढ्यात घरमालकीण माई केळीच्या पानात गरम पानग्या घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अगो बाय! भगवंत, भिंतीला काय टांगलंस? पंचांग हाय का?"

"पंचांग नाय माई. आमच्या घराचं वर्ष हाय. अर्धं झालेलं, अर्धं व्हायचं."

"आनि व्हायचं हाय ते तुला कसं रं ठाऊक?"

"म्हणून तर पेन्सिलीत ठेवलंय!"

"आमी नाय बा असं काय करत. आमी आपले वाडीत जातो, केळीकडं बघतो, काय ते कळतं." माई हसली, पानग्या सोजराच्या हातात दिल्या आणि जाता जाता तिच्या पाठीवरून हात फिरवून गेली.

सोजराने हात पुसले आणि ती कापडापुढे येऊन उभी राहिली. भगवंत बाजूला सरून, हात मागे बांधून उभा राहिला, अगदी मोठ्या साहेबांसारखा. बाईने कौतुक करावं एवढीच त्याची इच्छा होती.

तिचं बोट घरावरून पुस्तकावर, पुस्तकावरून सायकलवर गेलं. मग बांगड्यांची रेघ धरून ते पुढे सरकू लागलं. दसऱ्यापाशी रेघ थांबली होती. टोकाला भगवंताने छानपैकी चार चाकं आणि खिडक्या काढल्या होत्या.

"ही यष्टी कशाला?"

भगवंताने मागे बांधलेले हात सोडले. अक्षयतृतीयेला तो एकटाच गावी गेला होता, तेव्हा आईनेच विषय काढला होता. पोरगी वाळत चाललीय, तिला इकडं आणून घाल, माणसांत राहील, मन रमेल. त्यालाही पटलं होतं. दसरा जवळ आला की हळूच सांगू, असं त्याने ठरवलं होतं. पण ट्रेसरचा हात तो! रेघेला टोक न देता सोडणं त्या हाताला जमलं नाही.

"तुला गावी... आईपाशी. तुझ्याच भल्यासाठी गं. हितं दिवसभर एकटी असतीस."

"कवा ठरलं?"

ती रागावली असती, भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पण तिचं बोट उलटं मागे निघालं. गुढी, होळी, संक्रांत. तिथेच थांबलं.

"आन् माझा शिवा कुटं हाय ह्यात?"

त्या खोलीत हे नाव शिमग्यापासून कुणी उच्चारलं नव्हतं. संक्रांतीच्या आसपास जन्मलेलं पोर होळीच्या आत तापाने गेलं होतं. अशाच वाया गेलेल्या कापडाचे तुकडे भगवंत तेव्हा घरी आणायचा. सोजरा ते कढत पाण्यात भिजवायची, खळ निघून गेली की आत मलमलीसारखं मऊ कापड. त्याचंच तिने झबलं शिवलं होतं, टोपरं शिवलं होतं, टोपऱ्याला हिरव्या दोऱ्याची कड घातली होती.

"इसरला?"

"नाय गं." भगवंत म्हणाला. "तीन येळा पेन उचललं. मागचं सगळं तांबड्या शाईत काढायचं असतं. तांबडं म्हंजे काम पुरं झालं. त्याचं पुरं झालं असं कसं लिवू मी? तक्त्याला दुसरी शाई न्हाई आमच्याकडं." आणि मग इतक्या महिन्यांचं दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं. तो भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला.

सोजराने त्याला रडू दिलं. मग ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "वाडीमागं त्या ताडाखाली ठेवलंय त्याला. रोज सकाळच्याला मी तितवर जाऊन येती. तुमाला ठावं न्हाई. मी गावी गेल्यावर त्याच्याकडं कोन जाईल?"

भगवंताला खरंच ठाऊक नव्हतं. बाई एकटी असते, कोमेजते, एवढंच त्याला दिसलं होतं.

सोजराने ट्रंकेतून सुई आणि टोपऱ्याचा उरलेला हिरवा दोरा काढला. कापड भिंतीवरून उतरवून मांडीवर घेतलं आणि संक्रांतीपासून होळीच्या अलीकडपर्यंत बारीक धावदोरा घातला. करंगळीएवढाही झाला नाही. शेवटी गाठ मारून दोरा तिने दाताने तोडला.

भगवंत खोडरबर घेऊन पुढे झाला. त्याने यष्टी पुसली, चाकं पुसली, आणि पट्टी लावून बांगड्यांची रेघ पेन्सिलीने पार वर्षाच्या काठापर्यंत नेली.

"शाईनं वडा," सोजरा म्हणाली.

"अगं, व्हायचंय ते अजून. पेन्सिलीतच—"

"मी कुटं जात न्हाई. शाईनं वडा."

आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कचेरीचा नियम मोडला. हात जरा हलला, रेघ वाकडी झाली, पण झाली.

भाद्रपदात, गौरी गेल्यावर, एक कौल सरकलं आणि पाणी नेमकं त्या भिंतीवरून उतरलं. भगवंत कामावरून आला तर कापडाची खळ सुटलेली, शाई ओघळलेली, घर आणि सायकल एकमेकांत मिसळलेली. "सगळं गेलं की गं!" म्हणत तो मटकन पाटावर बसला.

सोजराने कापड उतरवलं, कढत पाण्यात टाकलं, चोळलं, पिळलं आणि चुलीवरच्या दोरीवर वाळत घातलं. रेघा निघून गेल्या, सण निघून गेले. मऊ पांढरं कापड राहिलं आणि त्यावर करंगळीपेक्षाही लहान हिरवा धावदोरा.

"उद्या नवं कापड मागून आणू का?" भगवंताने विचारलं.

"आना," ती म्हणाली. "पर पयला टाका माजा."

मग कापड नीट वाळावं म्हणून तिने ते दोरीवरच सरळ पसरलं, आणि हिरव्या टाक्यांची बाजू चुलीच्या उबेकडे केली.