सातव्या पायरीवरचा पत्ता

कॉम्प्युटरला जोडायची कुठलीही नवी वस्तू घ्या, खोक्याच्या तळाशी एक घडी घातलेला कागद असतो. तो कुणी वाचत नाही. वस्तू चालली नाही की मग त्याची आठवण होते, आणि तोवर तो रद्दीत गेलेला असतो. असे कागद लिहिणं हा धाकटीचा पेशा होता. वय बावन्न, कंपनीत पंचवीस वर्षं काढलेली, पण वर एक ताई होती म्हणून ती जन्मभराची धाकटी. घरात ती एकटी आणि नमुन्यांची खोकी: बिनवायरचे माऊस, आवाज न करणारे कीबोर्ड, लॅपटॉप उंच धरणारे स्टँड, असलं काय काय. बसायला खुर्ची हवी असेल तर आधी तिच्यावरचे हेडफोन उचलावे लागत.

एकोणीस वर्षं तिचा प्रत्येक कागद छापायला जाण्याआधी ताई वाचत असे. ताई दुसऱ्या गावी शिवणकाम शिकवायची, यंत्रांशी तिचं गोत्र जमत नव्हतं, आणि म्हणूनच ती कामाची होती. धाकटीने आपला एक जुना कॉम्प्युटर तिच्याकडे नेऊन ठेवला होता; वस्तू आणि कच्चा कागद ती पाठवून द्यायची. ताई चष्मा लावून मोठ्याने वाचायची आणि लिहिलं असेल तेवढंच करायची, त्याहून तसूभर जास्त नाही. एकदा कागदात ‘बटण दाबून धरा’ असं होतं. वीस मिनिटांनी ताईचा फोन आला, डाव्या हाताने केलेला. "अगं, बोट बधिर झालं. सोडायचं कधी ते लिहिलंच नाहीस." तेव्हापासून धाकटीच्या कागदात ‘पाच सेकंद’ आलं. तिचे कागद कुणालाही समजतात असा जो तिचा लौकिक होता, त्यातला निम्मा ताईचा होता.

आणि सहा वर्षांपूर्वी कंपनीच्या समारंभात धाकटीने माती खाल्ली. तिचा सत्कार होता, समोर माणसं होती, टाळ्या मिळत होत्या, जीभ सैल सुटली. "माझं गुपित सांगते," ती म्हणाली, "आमच्या घरी एक मठ्ठ गिऱ्हाईक आहे. तिला कळलं की समजायचं, आता जगात कुणालाही कळेल." सगळं सभागृह हसलं. ताई तिसऱ्या रांगेत बसली होती, धाकटीनेच बोलावलं होतं म्हणून, या दिवसासाठी मुद्दाम शिवलेले कपडे घालून. तीही थोडीशी हसली. डोकं दुखतंय म्हणून ती संध्याकाळच्या गाडीनेच परत गेली, आणि पुढचा कागद गेला तसाच, न वाचता परत आला.

पहिलं वर्ष धाकटीने रागात काढलं. एवढ्याशा थट्टेचं काय मनाला लावून घ्यायचं? दुसऱ्या वर्षी राग ओसरला आणि लाज उरली. लाजेचं एक वाईट असतं, ती जितकी शिळी होते तितकी जड होत जाते. ताईचा नंबर पाठ होता. तो लावायला हात धजत नव्हता. रोज कुठल्या ना कुठल्या वस्तूशी झटताना तिला वाटे, आत्ता ताई असती तर काय म्हणाली असती. ताई फार, फार आठवत असे.

यंदा कंपनीने घरच्या वापराचा नवा वेबकॅम काढला. कॉम्प्युटरच्या डोक्यावर चिमट्यासारखा बसवायचा आणि समोरच्याशी बोलायचं. धाकटीने सात पायऱ्यांत कागद लिहिला. सातवी पायरी अशी: ‘या पत्त्यावर कॉल लावा आणि समोरच्याला विचारा, मी दिसतो का?’ तिथे कंपनीच्या, आपोआप उत्तर देणाऱ्या चाचणी-यंत्राचा पत्ता यायचा होता. तो अजून ठरला नव्हता, म्हणून जागा अडवायला तिने स्वतःचाच, कंपनीने दिलेला पत्ता लिहून ठेवला. पुढे तो बदलायचा राहिला. बारा हजार कागद छापून झाले.

पहिला कॉल आला तेव्हा ती दात घासत होती. पडद्यावर एक आजोबा. वर कोट, खाली लुंगी. उठून उभे राहिले म्हणून लुंगी कळली. "दिसतोय का?" त्यांनी विचारलं. "जरा जास्तच दिसताय," धाकटी म्हणाली. मग रांग लागली. एका बाईला स्वतःचं नाक फार मोठं वाटत होतं. एक जोडपं कॅमेरा कुणाकडे वळवायचा यावरून तिच्यासमोर भांडलं. निम्म्या लोकांचा पडदा तर काळाच यायचा. भिंगावर सरकतं झाकण होतं आणि धाकटी ते लिहायलाच विसरली होती. ताईच्या हाताखालून गेला असता तर असा कागद बाहेर पडलाच नसता, हे तिचं तिला कळत होतं.

साहेबांनी बोलावून घेतलं. ते तिच्यापेक्षा लहान होते, त्यामुळे रागावतानाही अवघडत. "बाई, हे अंगाशी आलं असतं. नवे कागद छापतोय. शुक्रवारी पाच वाजता तुमचा हा पत्ता बंद करतो, तोवर घरूनच सांभाळा."

धाकटी "बरं" म्हणाली खरी, पण घरी येईस्तोवर तिच्या मनाने भलतंच घेतलं होतं. कागद हातात पडला तर जगात एकच माणूस तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतं आणि सांगितलं ते सगळं करतं. तिने चुकीचा पत्ता छापलेल्या कागदासकट एक वेबकॅम खोक्यात घातला आणि पाठवणाऱ्याचं नाव न लिहिता ताईकडे धाडला. मंगळवारी दुपारी खोकं पोचल्याचा निरोप आला.

बुधवारी तिने पंचवीस कॉल घेतले. प्रत्येक घंटेला ती धावत यायची आणि समोर कुणीतरी परकं माणूस नाक मोजत बसलेलं असायचं. गुरुवारी ती आंघोळीलाही दार उघडं ठेवून गेली. शुक्रवारी जेवण कॉम्प्युटरसमोरच झालं, म्हणजे ताट मांडलं आणि निवलं. ताईने खोकं उघडलंच नसेल. उघडून शेजारणीला देऊन टाकलं असेल. चार वाजले, साडेचार वाजले. धाकटीने मनाची समजूत घालायला सुरुवात केली.

पाचला आठ मिनिटं कमी असताना घंटा वाजली. पडदा काळा. कागदाची सळसळ ऐकू आली, मग एक बाई मोठ्याने, सावकाश वाचू लागली.

"पायरी सातवी. समोरच्याला विचारा. मी दिसते का?"

धाकटी पडद्याजवळ सरकली. "नाही," ती कशीबशी म्हणाली. "नाही दिसत."

"मला तू दिसतेयस," ताई म्हणाली. "वाळलीस."

"ताई, झाकण आहे त्याला. डावीकडे सरकव."

"ते लिहिलंच नाहीस. तिसऱ्या पायरीत वायर कुठे खुपसायची तेही धड नाही. तीन दिवस झटतेय मी. कुणाला वाचून दाखवला नव्हतास वाटतं?"

"कुणालाच नाही. सहा वर्षांत कुणालाच नाही दाखवला." आणि मग ती अडली नाही. "त्या दिवशी मी चुकले, ताई. सगळ्यांच्या देखत तुझं हसू केलं. माझं नाव झालं ते तुझ्या जिवावर, आणि मी तुलाच मठ्ठ म्हटलं."

पलीकडे काही सरकल्याचा आवाज झाला आणि पडद्यावर ताई आली. केस पांढरेशुभ्र झाले होते. चष्मा नवा होता, आणि तो तिने काढून हातात धरला होता, कारण डोळे पुसायचे होते.

"मठ्ठ नाहीतर काय मी," ताई म्हणाली. "सहा वर्षं तुझ्या फोनची वाट बघत बसले. स्वतः लावावा एवढं सुचलं नाही मला."

"अगं, मीच..." धाकटी म्हणाली, आणि पडदा विझला. पाच वाजले होते. साहेब वेळेचे पक्के होते.

तिने झडप घालून मोबाईल उचलला आणि नंबर लावला. एकही आकडा आठवावा लागला नाही. समोरचा नंबर व्यस्त होता. तिने पुन्हा लावला. व्यस्त. तिसऱ्यांदा लावला, पुन्हा तेच, आणि तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला, की ताईदेखील तिकडून हेच करत असणार.

तिने फोन टेबलावर ठेवला, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि ताईला लावू दिला.